१८० टक्क्यांची सेटिंग पुन्हा पुन्हा पुसली जाते: एका ब्राउझर एक्स्टेन्शनमधल्या डिफॉल्टचे प्रकरण

वापरणाऱ्यांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि एक्स्टेन्शनचे नाव दिलेले नाही. चूक आमची होती. ती कुठे झाली आणि कोणत्या वळणावर टाळता आली असती, ते सविस्तर लिहीत आहे.

पार्श्वभूमी

एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडला जाणारा छोटा प्रोग्राम) आम्ही तिघांनी मिळून बनवले. त्याचे काम एकच, वेबपानावरचा देवनागरी मजकूर नीट वाचता येईल असा करणे. बऱ्याच साइटवर अक्षरांचा आकार आणि ओळींमधले अंतर रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून ठरवलेले असते. देवनागरीला शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार यांना जागा लागते. त्यामुळे तेवढ्याच पिक्सेलमध्ये मूळ अक्षर बारीक दिसते आणि वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या वेलांटीला जाऊन भिडतो. वय झालेल्या डोळ्यांना हे फार जाचते.

सेटिंग सुरुवातीला पाच होत्या: अक्षरांचा आकार (टक्क्यांत), ओळींमधले जादा अंतर, फॉन्ट, मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' हवेत का, आणि एक्स्टेन्शन सगळ्या साइटवर चालावे की निवडक. 'ल' आणि 'श'बद्दल सांगायला हवे. अनेक फॉन्टमध्ये नुसता मजकूर टाकला की या दोन अक्षरांची हिंदी वळणे येतात. मजकुराची भाषा मराठी आहे असे पानाच्या कोडमध्ये सांगितले, तर ज्या फॉन्टमध्ये सोय आहे त्यात मराठी वळणे येतात. बऱ्याच साइट ते सांगत नाहीत. आमचे एक्स्टेन्शन सांगते.

या पाच पसंती आम्ही ब्राउझरच्या सिंक स्टोरेजमध्ये ठेवल्या, म्हणजे एकाच खात्याने दोन संगणक वापरणाऱ्याला दोन्हीकडे तीच सेटिंग मिळावी. क्रोममध्ये या स्टोरेजला एकूण १,०२,४०० बाइट आणि एका नोंदीला ८,१९२ बाइट अशी मर्यादा आहे. आमचा सगळा ऐवज काहीशे बाइटचा, त्यामुळे जागेची काळजी नव्हती.

पहिल्या आवृत्तीत आम्ही सोपा मार्ग धरला. एक्स्टेन्शन बसवले की ब्राउझर 'ऑनइन्स्टॉल्ड' ही घटना कळवतो. त्या वेळी पाचही डिफॉल्ट, म्हणजे कोणी काही न निवडल्यास लागू होणाऱ्या व्हॅल्यू, स्टोरेजमध्ये लिहून टाकायचे, म्हणजे पुढे कुठेही व्हॅल्यू नाही असे होणारच नाही. आकाराचे डिफॉल्ट ११० टक्के होते. पुढच्या सगळ्या घोळाचे मूळ याच निर्णयात आहे. तेव्हा मात्र त्याला आम्ही निर्णयही म्हटले नसते, इतका तो सहज वाटला.

बदल आणि त्यातली चूक

काही महिन्यांनी दोन गोष्टी एकदम करायच्या ठरल्या. ११० टक्के कमी पडतात असे बरेच जण कळवत होते, म्हणून डिफॉल्ट १२५ करायचे. आणि सहावी सेटिंग आणायची: बटणे आणि मेनू वगळा. आकार वाढवला की काही साइटचे मेनू एकमेकांवर चढत, त्यावरचा हा इलाज होता.

अडचण लगेच लक्षात आली. जुन्या वापरकर्त्यांच्या स्टोरेजमध्ये ही सहावी नोंद असणार नाही. 'ऑनइन्स्टॉल्ड'मध्ये तर आम्ही 'कारण नवीन बसवणे असेल तरच' अशी अट घातली होती. आमच्यातल्या सर्वांत नव्या सहकाऱ्याने ती अट काढली, म्हणजे अपडेटच्या वेळीही सगळे डिफॉल्ट लिहिले जातील आणि सहावी नोंद सगळ्यांपर्यंत पोहोचेल. मी तो बदल वाचला आणि मंजूर केला. नव्या प्रोफाइलवर (ब्राउझरच्या कोऱ्या, स्वतंत्र सेटअपवर) चालवून पाहिला, जुन्या आवृत्तीवर अपडेट करूनही पाहिला. सहावी सेटिंग आली, आकार १२५ झाला, मेनू जागेवर राहिले.

मात्र आम्ही तपासलेल्या एकाही प्रोफाइलवर कोणी सेटिंग स्वतः बदललेली नव्हती.

तक्रार

पहिली तक्रार एका निवृत्त शिक्षिकेची आली. मोतीबिंदूचे ऑपरेशन व्हायचे होते, तोवर त्या १८० टक्के आकार लावून वर्तमानपत्रांच्या साइट वाचत होत्या. आकार आपोआप लहान झाला, म्हणून त्यांनी पुन्हा १८० केला. काही दिवसांनी पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी त्यांनी लिहिले, आणि आपल्याकडूनच काही चुकीचे दाबले जाते का, असे विचारले. ते वाक्य मला फार लागले. दोष आमच्या कोडचा आणि संशय त्या स्वतःवर घेत होत्या.

शोध भरकटला कसा

कोड वाचून पहिल्याच दिवशी उत्तर सापडायला हवे होते. सापडले नाही, कारण तारखा जुळत नव्हत्या. आमचे अपडेट एकच गेले होते आणि त्यांची सेटिंग तीनदा पुसली गेली होती. अपडेट हे कारण असते तर एकदाच पुसली गेली असती, या तर्काने आम्ही त्या फाइलकडे पाठच फिरवली.

मग संशय सिंकवर गेला. दोन संगणकांच्या नोंदी एकमेकींवर लिहिल्या जात असतील का? स्लायडर ओढताना आम्ही दर हालचालीला स्टोरेजमध्ये लिहीत होतो आणि क्रोम मिनिटाला १२० पेक्षा जास्त वेळा लिहू देत नाही, तर शेवटचा आकडा नाकारला जात असेल का? ही दुसरी शंका खरी निघाली, तो दोष खराच होता. स्लायडर सोडल्यावर एकदाच लिहायचे, असे करून आम्ही तो दुरुस्त केला आणि प्रश्न सुटला असे समजून आठवडा घालवला. शिक्षिकांचे १८० चौथ्यांदा गेले.

धागा त्यांच्याच पत्रात होता. ब्राउझर वरच्या कोपऱ्यात अपडेटसाठी पुन्हा सुरू करायला सांगतो, ते केल्यावर असे होते, असे त्यांनी सहज लिहिले होते. तेव्हा आम्ही 'ऑनइन्स्टॉल्ड'चे दस्तऐवज पुन्हा उघडले. ही घटना तीन मुख्य कारणांनी येते: एक्स्टेन्शन नवीन बसवले, एक्स्टेन्शन अपडेट झाले, किंवा खुद्द ब्राउझर अपडेट झाला. फायरफॉक्समध्येही असेच आहे. क्रोमने २०२१ मध्ये ९४व्या आवृत्तीपासून दर चार आठवड्यांनी मोठी आवृत्ती आणायला सुरुवात केली आणि मधल्या काळात सुरक्षेच्या लहान दुरुस्त्या येतच असतात. अट काढल्यामुळे त्या प्रत्येक वेळी आमचा कोड सहाही सेटिंग डिफॉल्टवर नेऊन ठेवत होता.

शिक्षिकांकडे संगणक दोन होते. घरच्या लॅपटॉपचा ब्राउझर सोमवारी अपडेट झाला की १२५ लिहिले जाई आणि सिंकमधून दुसरीकडेही पोहोचे. त्या पुन्हा १८० करत. गुरुवारी मुलीकडचा संगणक अपडेट होई, तोही १२५ लिही आणि ते लॅपटॉपवर येई. सेटिंग सगळीकडे पोहोचावी म्हणून घेतलेल्या सोयीनेच नुकसानही सगळीकडे पोहोचवले.

आणखी एक गोष्ट तेव्हाच उघड झाली. एक्स्टेन्शन तयार करताना आपण ते फोल्डरमधून लोड करतो आणि बदल केला की 'रीलोड' करतो. तेव्हाही हीच घटना 'अपडेट' या कारणाने येते. म्हणजे त्या बदलानंतर आमच्या स्वतःच्या मशीनवरच्या सेटिंग दिवसातून दहा वेळा पुसल्या जात होत्या. नव्या सहकाऱ्याला ते दिसले होते. "मला वाटलं, डेव्हलपमेंटमध्ये असंच होत असेल, दादा," असे तो म्हणाला. दिसले तेव्हाच त्याने विचारावे, असे वातावरण आमच्या कामात नव्हते. ही जबाबदारी मी माझी मानतो.

समोरचे पर्याय

सर्वांत आधी रक्तस्राव थांबवायचा होता. एक छोटे अपडेट तातडीने पाठवले: स्टोरेजमध्ये जी नोंद नाही तेवढीच लिहायची, असलेल्या नोंदीला हात लावायचा नाही. यावर वाद झाला नाही.

पुसलेल्या सेटिंग परत आणता येतील का, यावर मात्र बराच वेळ गेला. सिंक स्टोरेज जुन्या व्हॅल्यूंचा इतिहास ठेवत नाही. बदल झाल्याची घटना जुना आकडा सांगते, पण तो आम्ही कुठे टिपून ठेवला नव्हता. गेले ते गेले. मग लोकांना सांगायचे कसे? अपडेटनंतर नवी टॅब उघडून सूचना देणे सर्वांना दिसले असते, पण ज्यांचे काही बिघडले नव्हते त्यांच्याही कामात व्यत्यय आला असता. शेवटी पॉपअपमध्ये (एक्स्टेन्शनच्या चिन्हावर क्लिक केल्यावर उघडणाऱ्या चौकटीत) एकदाच दिसणारी ओळ ठेवली: आमच्या चुकीमुळे तुमची सेटिंग पुसली गेली असू शकते, पुन्हा लावा, आता ती टिकेल. शिक्षिकांना मी वेगळे लिहिले आणि पहिल्याच वाक्यात सांगितले, की तुम्ही काहीही चुकीचे दाबलेले नाही.

खरा प्रश्न कायमच्या रचनेचा होता. तीन मार्ग होते.

पहिला, आहे तसेच चालू ठेवायचे. डिफॉल्ट स्टोरेजमध्ये लिहायचे आणि प्रत्येक आवृत्तीबरोबर जुन्या नोंदी सुधारणारा कोड द्यायचा. यात जुना प्रश्न तसाच राहतो. स्टोरेजमध्ये ११० दिसले, तर ते कोणी पसंत केलेले ११० आहे की आम्हीच लिहिलेले?

दुसरा, डिफॉल्ट आणि पसंती असे दोन वेगळे थर स्टोरेजमध्येच ठेवायचे. आमच्यातल्या एकाने फायरफॉक्सची जुनी अ‍ॅड-ऑन केलेली होती, त्याला ही रचना ओळखीची. तिथे अ‍ॅड-ऑनच्या 'डिफॉल्ट्स' फोल्डरमधल्या एका जावास्क्रिप्ट फाइलमध्ये सगळी डिफॉल्ट लिहीत. ब्राउझर ती डिफॉल्ट शाखेत घेई आणि वापरकर्त्याने बदललेले तेवढेच प्रोफाइलमधल्या फाइलमध्ये साठवी. अबाउट-कॉन्फिग या फायरफॉक्सच्या अंतर्गत सेटिंगच्या पानावर बदललेली नोंद ठळक अक्षरांत दिसते, ती याच भेदामुळे. ब्राउझर पुन्हा सुरू न करता बसणारी अ‍ॅड-ऑन आली, तेव्हा ही फाइल आपोआप वाचली जाईना, म्हणून प्रत्येक वेळी सुरू होताना आपल्याच कोडमधून डिफॉल्ट शाखा भरावी लागे, कारण ती शाखा डिस्कवर जातच नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये फायरफॉक्स ५७ने ती जुनी अ‍ॅड-ऑन बंद केली. आजच्या एक्स्टेन्शनच्या सिंक स्टोरेजमध्ये असा आयता भेद नाही, तो आपणच पाळायचा असतो.

दोन थर स्टोरेजमध्ये ठेवण्याला आम्ही नकार दिला, त्याचे कारण सिंक. एका संगणकावर एक्स्टेन्शनची नवी आवृत्ती आणि दुसऱ्यावर जुनी, असे काही दिवस तरी असतेच. डिफॉल्ट सिंकमध्ये ठेवले तर नव्या आवृत्तीची डिफॉल्ट जुन्या आवृत्तीला मिळतील, किंवा उलटे होईल. डिफॉल्ट ही त्या त्या आवृत्तीची मालमत्ता आहे, म्हणजे ती कोडमध्येच हवीत.

तिसरा मार्ग हाच. डिफॉल्ट एका फाइलमध्ये, स्टोरेजमध्ये फक्त माणसाने हाताने बदललेले. वाचताना स्टोरेजच्या 'गेट' या वाचणाऱ्या फंक्शनला डिफॉल्टचा ऑब्जेक्ट (नावे आणि त्यांच्या व्हॅल्यूंचा संच) द्यायचा, मग जी नोंद सापडत नाही तिच्या जागी तो डिफॉल्ट भरून देतो. ही सोय पहिल्या दिवसापासून उपलब्ध होती.

कोणी स्लायडर बरोबर १२५वर आणून सोडला, म्हणजे डिफॉल्टइतकाच आकडा निवडला, तर तो साठवायचा का? फायरफॉक्सची जुनी पद्धत साधारणपणे साठवत नाही: पसंती डिफॉल्टइतकी झाली की वापरकर्त्याची नोंद काढून टाकली जाते. आम्ही उलट ठरवले. ज्याने हाताने १२५ लावले त्याला १२५च हवेत. उद्या डिफॉल्ट १४० झाले तरी त्याचे १२५ हलता कामा नयेत. डिफॉल्टकडे परत जायचे असेल, तर त्यासाठी 'मूळ सेटिंग' हे वेगळे बटण, आणि ते नोंद पुसून टाकते.

जुन्या नोंदींची निवड

नवी रचना कागदावर सोपी होती. अवघड होते ते आधीच लिहून बसलेल्या नोंदींचे काय करायचे, हे ठरवणे.

आकारासाठी नियम केला: ११० किंवा १२५ असेल तर तो आमचाच शिक्का समजून काढून टाकायचा, दुसरा कोणताही आकडा असेल तर ती पसंती समजून जपायची. यात खरोखर ११० आवडणाऱ्यांवर अन्याय होणार, हे माहीत होते. अक्षर एका टप्प्याने मोठे दिसेल आणि एका हालचालीत ते परत लहान करता येईल, एवढी किंमत आम्ही मान्य केली.

साइटच्या सेटिंगला हाच नियम लावणार होतो, पण थांबलो. तिथे जुने डिफॉल्ट 'सगळ्या साइट' होते आणि नवे 'निवडक साइट' होणार होते, कारण बँकेच्या पानावरही एक्स्टेन्शन चालते हे अनेकांना खटकत होते. जुना शिक्का पुसला असता, तर आमच्या सर्व जुन्या वाचकांची अक्षरे एका रात्रीत सगळीकडे लहान झाली असती आणि कारण कोणालाच कळले नसते. म्हणून तिथे 'सगळ्या साइट' ही नोंद पसंती असल्यासारखी जपली. दोन सेटिंगना दोन नियम लावणे कोड म्हणून देखणे नाही. पण चुकल्यावर माणसाला काय भोगावे लागते, ते दोन्हीकडे सारखे नव्हते.

ही साफसफाई एकदाच व्हावी म्हणून खुणेची एक नोंद ठेवायची होती. ती प्रत्येक संगणकावर वेगळी ठेवली, तर नंतर उघडलेला दुसरा संगणक पुन्हा साफसफाई करील आणि मधल्या काळात कोणी हाताने लावलेले १२५ पुसून टाकील. म्हणून खूणही सिंकमध्येच, नोंदींच्या शेजारी ठेवली.

तरीही एक भोक राहत होते, आणि ते अट काढणाऱ्या सहकाऱ्यानेच दाखवले. कपाटात ठेवलेला जुना लॅपटॉप कोणी महिन्याने उघडला आणि एक्स्टेन्शनच्या आधी ब्राउझर अपडेट झाला, तर आमची सदोष आवृत्ती तिथे पुन्हा सगळ्या नोंदींवर डिफॉल्ट लिहील आणि ते सिंकमधून सगळीकडे जाईल. त्याने सुचवले की नोंदींची नावेच बदलू. जुनी आवृत्ती जुन्या नावांवर काय हवे ते लिहो, नवी आवृत्ती साफसफाईनंतर त्यांच्याकडे पाहणारच नाही. आम्ही तसेच केले.

करताना लागलेल्या ठेचा

'मूळ सेटिंग' बटण दाबले की उघडलेल्या पानावरचा मजकूर १२५ व्हायच्या ऐवजी साइटच्या मूळ आकाराला जाई. नोंद पुसली गेली की बदलाच्या घटनेत नवी व्हॅल्यू येतच नाही, आणि आमची कंटेंट स्क्रिप्ट (वेबपानाच्या आत चालणारा एक्स्टेन्शनचा कोड) त्या नसलेल्या आकड्याने गुणाकार करून अर्थहीन टक्केवारी स्टाइलमध्ये लिहीत होती. ब्राउझर तशी ओळ सोडून देतो. तेव्हापासून घटनेतला आकडा थेट वापरणे बंद केले. लागू असलेली सेटिंग सांगणारे फंक्शन एकच, पॉपअप आणि कंटेंट स्क्रिप्ट दोघांनीही त्यालाच विचारायचे.

दुसरी ठेच 'किंवा' चिन्हाची. काही जुन्या ओळींत स्टोरेजमधली व्हॅल्यू, पुढे दोन उभ्या रेघा (||) आणि मग डिफॉल्ट, अशी मांडणी होती. जावास्क्रिप्टमध्ये या चिन्हाला शून्य आणि 'नाही' हे दोन्ही रिकामेच वाटतात. कोणी ओळींमधले जादा अंतर शून्य केले की डिफॉल्ट अंतर परत येई; मराठी 'ल' नको म्हटले तरी तो येतच राही. तिथे दोन प्रश्नचिन्हे (??) हवीत, ती फक्त व्हॅल्यू मुळातच नसेल तेव्हा डिफॉल्ट देतात. क्रोम ८० आणि फायरफॉक्स ७२ पासून ती चालतात.

तिसरी वेळीच टळली. फॉन्ट आणि 'ल', 'श' यांच्या सेटिंग एका ऑब्जेक्टमध्ये गुंफायचा विचार होता. पण 'गेट' डिफॉल्ट भरतो तो फक्त वरच्या पातळीवर. आत एखादी नोंद कमी असेल, तर ती तशीच कमी राहते. म्हणून सगळ्या नोंदी सुट्या ठेवल्या.

परिणाम

नवी आवृत्ती गेल्यावर सेटिंग पुसल्याची तक्रार आली नाही. ११० टक्के आवडणाऱ्या काहींनी अक्षर का मोठे झाले, असे विचारले, त्यांना कारण कळवले. पुढे ओळींमधल्या अंतराचे डिफॉल्ट बदलले, तेव्हा एका फाइलमधला एक आकडा बदलावा लागला. ज्यांनी ती सेटिंग कधी छेडली नव्हती त्यांच्यापर्यंत तो पोहोचला, ज्यांनी छेडली होती त्यांना कळलेही नाही. शिक्षिकांचे ऑपरेशन नीट झाले आणि त्यांनी स्वतःच आकार १४०वर आणला. तो टिकला.

काय वेगळे करता आले असते

अट काढणारा बदल मी वाचला, तेव्हा "नवी नोंद पोहोचते का?" हा एकच प्रश्न मनात होता. "आधीच्या नोंदीचे काय होते?" हे विचारले असते, तर तिथेच थांबलो असतो. आता प्रत्येक आवृत्तीआधी तीन प्रोफाइलवर अपडेट चालवून पाहतो: कोरे, जुन्या आवृत्तीचे पण न छेडलेले, आणि आकार १८०, जादा अंतर शून्य, मराठी 'ल' बंद असे मुद्दाम बदललेले. तिसरे प्रोफाइल मी स्वतः उघडतो.

पुसलेल्या नोंदींचे जुने आकडे त्याच संगणकावरच्या स्थानिक स्टोरेजमध्ये टिपत राहिलो असतो, तर निदान शेवटची सेटिंग परत देता आली असती. ते आता करतो.

एका प्रश्नावर आमचे अजून एकमत नाही. आकार सिंक व्हावा का? साइटची निवड, मराठी 'ल' ही माणसाची पसंती आहे, ती कुठेही तीच राहील. पण आकार डोळ्यांवर जितका अवलंबून, तितकाच पडद्यावर. लहान लॅपटॉपवर १४० टक्के बरे वाटतात, मोठ्या मॉनिटरवर तेच बोजड होतात. आकार प्रत्येक संगणकापुरता ठेवावा, असे माझे मत झाले होते. शिक्षिकांना विचारले, तर त्यांना दोन्हीकडे एकच आकार हवा आहे, कारण मुलीकडे गेल्यावर पुन्हा सेटिंग शोधायला नको. सध्या तो सिंकमध्येच आहे.